मोरशेटचा हौद आणि रिकामे शंख

एका बंदराच्या गावात एक शेट होता, आणि त्याला रिकामं काही बघवत नसे.

त्याचं नाव मोरशेट. त्याची चार गलबतं होती, वखार होती, शंखशिंपले भाजून चुना करायची भट्टी होती. एखादं गलबत माल उतरवून रिकामं परत आलं की शेटचा चेहरा उतरे. वखारीचा कोपरा रिकामा दिसला की तिथे तो पोती रचायला लावी. कुणी घटकाभर टेकलेला दिसला तर म्हणे, "रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी," आणि त्याच्या हातात झाडू देई. एरवी माणूस वाईट नव्हता. त्याने कुणाची मजुरी बुडवली नाही, कुणाला तो अपशब्द बोलला नाही. खोड म्हणाल तर ही एवढीच. पण ज्याच्या हाताखाली चार माणसं असतात, त्याची एक खोडसुद्धा पुष्कळ होते.

भट्टीच्या मागे त्याच्या खलाशांची आळी होती. एका ओळीत सात घरं. भट्टीजवळचं सगळ्यांत लहान, आणि मग टोकाकडे जावं तशी थोडी थोडी मोठी. टोकाच्या घरात एक म्हातारा खलाशी राहायचा, तो वारला. आळीतल्या लोकांनी मनातल्या मनात ठरवलं की ज्याचा कुटुंबकबिला मोठा, तो आता तिथे जाईल. सुतकाचे दिवस झाले की शेटकडे विषय काढू, असंही ठरलं. पण त्याआधीच शेट आळीवरून गेला.

"हे घर रिकामं कशाला?" त्याने विचारलं.

चौथ्या दिवशी त्या घराचे वासे गलबतांच्या शाकारणीला, म्हणजे त्यांच्यावरच्या पावसाळी छपराला, गेले आणि कौलं वखारीवर चढली. कुणी काही बोललं नाही. शेटला सांगणार कोण? त्यानंतर आळीत भांडणं वाढली. पडवीवरून, चुलीच्या धुरावरून, वाळत घातलेल्या जाळ्यांवरून. शेटच्या कानावर ती गेली तेव्हा तो एवढंच म्हणाला, "पुन्हा कुणी भांडलं तर दोन्ही बिऱ्हाडं हलवीन." त्याला वाटलं, माणसांचे स्वभाव बिघडले.

आता हौदाची गोष्ट.

मोरशेटची बायको चिमाबाई दूरच्या एका बेटावरची होती. मुली माहेरून कुणी तुळस आणतात, कुणी मोगऱ्याचं रोप. चिमाबाईंनी पिंपात समुद्राचं पाणी भरून त्यात जिवंत पोवळ्याचा एक तुकडा आणला होता, जांभळट गुलाबी, आणि त्याला चिकटून आलेली एक मोठी गोगलगाय. बायकोचं मन मोडू नये म्हणून शेटने खडकात हौद खोदवला. भरतीचं पाणी त्यात पाटाने येई, ओहोटीला थोडं उतरे. पावसाळ्यात गोडं पाणी पडू नये म्हणून वर झापांचं छप्पर घालत. पोवळं त्या हौदात रुजलं आणि वर्षावर्षाने फांद्या धरून वाढलं. त्याच्या आसऱ्याने छोटे मासे आले, बारक्या गोगलगायी आल्या. बेटावरून आलेली ती मोठी गोगलगाय मात्र वेगळी ओळखू येई. तिच्या शंखावर तपकिरी पट्टे होते आणि कडेचा एक टवका उडालेला होता. ती चाले इतकी हळू, की चिमाबाई तिला 'म्हातारी' म्हणत.

चिमाबाई गेल्या, त्याला तीन वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. मागे उरला तो हौद. शेट रोज सकाळी तोंड धुतल्यावर हौदाच्या काठावर येऊन बसे आणि म्हातारी काल कुठे होती, आज कुठवर आली, ते पाही. तेवढा वेळ तो रिकामाच बसलेला असे. पण हे त्याला सांगायची कुणाची छाती नव्हती.

चिमाबाई होत्या तोवर हौद त्या बघत. त्यांच्यामागे गडीमाणसं भक्तिभावाने मासळीचे तुकडे मुठीमुठीने टाकू लागली. बाईंचं पोवळं उपाशी राहू नये, म्हणून. ते अन्न तळाशी कुजलं आणि शेवाळ माजलं. पोवळ्याच्या फांद्यांवर हिरव्या केसांसारखं शेवाळ चढलं आणि एका बाजूने पोवळं पांढरं पडायला लागलं. शेट स्वतः धोतर खोचून पाण्यात उतरला, काथ्याने घासू लागला. घासताना दोन फांद्या तुटल्या. म्हातारी शेवाळ खात फिरत होती, बारक्या गोगलगायीही खात होत्या. पण तेवढ्यांनी ते कुठे संपणार?

मग शेटने धाकू तांडेलला बोलावलं.

धाकू तांडेल म्हणजे एके काळी शेटच्या मोठ्या गलबताचा मुख्य. धक्का आणि गलबत यांच्यामध्ये सापडून त्याचा पाय चिरडला आणि दर्या सुटला. आळीतल्या दीड खणात त्याचं बिऱ्हाड होतं. मुलगा चुन्याच्या भट्टीवर कामाला होता.

"धाकू," शेट म्हणाला, "खडकातलं तुला कळतं. हे पोवळं वाचव. वाचवलंस तर हौद तुझ्याकडे आणि आळीतलं घरही तुझ्याकडेच. नाहीतर आळी खलाशांची आहे, हे तू जाणतोस. तू आता खलाशी नाहीस आणि तुझा मुलगाही नाही."

"जाणतो, शेट," धाकू म्हणाला.

तो काठी टेकत ओहोटीच्या खडकांवर गेला. त्याने टोपली भरून शंखखेकडे वेचून आणले. शंखखेकडा तुम्ही पाहिला असेल. त्याची पुढची बाजू खेकड्याची, नांगी आणि पाय असलेली, पण मागचं अंग उघडं आणि मऊ, सोललेल्या कोळंबीसारखं. ते झाकायला त्याच्याजवळ स्वतःचं काही नसतं. म्हणून तो गोगलगायीच्या रिकाम्या शंखात शिरतो आणि तोच शंख पाठीवर घेऊन जन्मभर हिंडतो. धाकूने असे चाळीस आणले आणि हौदात सोडले.

शेटने विचारलं, "हे काय करतील?"

"शेवाळ खातील. कुजलेलं खातील. मेलेला मासा पडला तर तो साफ करतील. वाळू उकरून तळ मोकळा ठेवतील. शेवाळ संपलं की मात्र त्यांना चिमूटभर सुकटीचा चुरा टाकावा लागेल, तो मी टाकीन."

"आणि यांची काही खोड?"

धाकूच्या ओठांवर उत्तर आलं होतं. दर्याच्या काठावर जन्म गेलेला माणूस, त्याला शंखखेकड्याची खोड ठाऊक नसेल तर कुणाला? शंखखेकडा वाढतो, पण पाठीवरचा शंख काही वाढत नाही. मग त्याला मोठा शंख लागतो. तो रिकामा मिळाला तर ठीक. नाही मिळाला, तर तो जिवंत गोगलगायीला ओढून काढतो आणि तिच्या घरात शिरतो. यावर उपाय सोपा होता. हौदात लहानमोठे रिकामे शंख टाकून ठेवायचे, की झालं.

रिकामे शंख. धाकूला टोकाचं घर आठवलं. चौथ्या दिवशी उतरलेले वासे आठवले. रिकामं ठेवावं लागतं म्हटलं तर शेट म्हणेल, मग हे खेकडेच नकोत. खेकडे नाहीत तर पोवळं नाही आणि पोवळं नाही तर दीड खणही नाही.

"खोड काही नाही, शेट," तो म्हणाला. "फार गुणी जात आहे."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन टोपल्या रिकामे शंख गुपचूप आणले आणि हौदाच्या आतल्या कपारीत, जिथे शेटची नजर जाणार नाही अशा जागी, रचून ठेवले.

खेकडे खरंच गुणी निघाले. पंधरा दिवसांत पोवळ्याच्या फांद्या मोकळ्या झाल्या. महिन्याभरात तळाची वाळू पांढरी दिसू लागली. पोवळ्याची पांढरी पडलेली बाजू हळूहळू रंग धरू लागली. एखादा खेकडा मोठा झाला की कपारीत जाई, दोनचार शंख उलटेपालटे करून पाही, त्यातला एक पसंत करी आणि जुना तिथेच टाकून बाहेर येई. मग त्याहून लहान कुणीतरी तो जुना घेई. म्हातारीच्या वाटेला कुणी गेलं नाही. शेट प्रसन्न होता. "धाकू, तू माझ्यावर उपकार केलेस," असंही तो एकदा म्हणाला. धाकूने खाली पाहिलं. त्या दिवशी खरं सांगून टाकायला हरकत नव्हती. पण सुखाच्या दिवशी कोण तोंड उघडतो?

मग धाकूला हिवताप आला आणि तो अंथरुणाला खिळला. हौदाचं काम त्याची सून आवडी बघू लागली. पोरगी कष्टाळू होती, पण तिचं माहेर घाटाखालच्या रानातलं. तिला भाताच्या जाती माहीत, खेकड्यांच्या नव्हेत.

एका मोठ्या ओहोटीला हौदाचं पाणी नेहमीपेक्षा खाली उतरलं आणि कपार उघडी पडली. शेट काठावर बसला होता.

"आवडी, ते काय आहे?"

"शंख आहेत, शेट. मामंजींनी ठेवलेत."

"कशाला?"

"ते मला ठाऊक नाही."

"आत काही आहे?"

तिने दोनचार उचलून पाहिले. "नाही. रिकामे आहेत."

"मग अडगळ कशाला? भट्टीवर ने."

आवडीने दोन टोपल्या भरल्या आणि डोक्यावरून भट्टीवर नेल्या. तिच्या नवऱ्यानेच त्या भट्टीत ओतल्या. पुढच्या आठवड्यात त्याच चुन्याने हौदाच्या भोवतालची भिंत पांढरी झाली. शेटला ती फार आवडली. घरी धाकू तापात बरळत होता, त्याला शंखांचं सांगायची आवडीला सवडही झाली नाही आणि त्यात सांगण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंही नाही.

पुढे काय झालं ते हौदाच्या काठावर बसून कुणाला दिसलं नाही. आधी बारक्या गोगलगायी कमी झाल्या. पण त्यांचे शंख तर तळावर फिरतच होते. वरून बघणाऱ्याला शंख दिसतो, आत कोण आहे ते दिसत नाही. पोवळ्यावर खेकड्यांची मारामारी व्हायची आणि त्यात एखादी कोवळी फांदी मोडायची. आवडीला वाटे, लाटेने मोडली असेल.

एके सकाळी शेट हौदावरून आला तोच हसत. "आमची म्हातारी चपळ झाली हो," तो वखारीतल्या माणसांना म्हणाला. "काल त्या टोकाला होती, आज या टोकाला. तरुण झाली." माणसंही हसली. बाई गेल्यापासून शेट असा हसला नव्हता. दुसऱ्या दिवशी तो नेहमीपेक्षा जास्त वेळ बसला. पट्टेरी शंख वाळूवरून तुरुतुरु जात होता आणि शेट त्याच्याशी हळू आवाजात बोलत होता, बायकोशी बोलावं तसं.

तिसऱ्या दिवशी तो शंख काठाशी, अगदी उथळ पाण्यात आला. शेटने वाकून पाहिलं. टवका उडालेल्या कडेखालून दोन नांग्या बाहेर आल्या.

शेट किती वेळ तसाच वाकून राहिला, ते आवडीने पाहिलं. तिला भीती वाटली. दोन दिवस हा माणूस आपल्या बायकोच्या आठवणीशी बोलत होता आणि ती आठवण खाऊन बसलेला तिच्या जागी फिरत होता. असं दुःख माणसाला एकदम रागाकडेच नेतं.

"सगळे काढ," तो आवडीला म्हणाला. "एकूण एक. भट्टीत टाक. आणि घरी सांग, उद्या बिऱ्हाड हलवा."

आवडी धावत घरी गेली. धाकूचा ताप उतरला होता, पण अंगात त्राण नव्हतं. तिने सगळं सांगितलं. म्हातारीचं, बिऱ्हाडाचं आणि मग, विचारल्यावर, भट्टीवर नेलेल्या टोपल्यांचंही. ते ऐकून धाकूने डोळे मिटले. मग त्याने बायकोला म्हटलं, "तो मिठाचा शंख दे."

त्याच्या घरात एक मोठा शंख होता, दोन मुठींएवढा. बायको त्यात मीठ ठेवायची. तिने मीठ वाडग्यात ओतलं आणि शंख धुऊन दिला. धाकू तो पंच्यात बांधून, एका हाताने काठी आणि दुसऱ्या हाताने सुनेचा खांदा धरून हौदावर आला.

शेट काठावरच उभा होता. "तू म्हणालास, गुणी जात आहे."

"म्हणालो."

"खोड काही नाही म्हणालास."

"खोटं बोललो, शेट."

इथे धाकूला पळवाटा पुष्कळ होत्या. सुनेचं नाव घेता आलं असतं, तापाचं घेता आलं असतं. खुद्द शेटनेच शंख जाळले, असंही म्हणता आलं असतं आणि ते खरंही होतं. पण त्याने आधी आपलं सांगितलं.

"यांचं अंग वाढतं, शंख वाढत नाही. मोठा शंख रिकामा मिळाला तर हे कुणाच्या वाटेला जात नाहीत. मिळाला नाही, तर जो दुबळा असेल त्याला घरातून ओढून काढतात. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तुम्ही विचारलंत तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून तर मी कपारीत शंख ठेवले होते."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रिकामे होते म्हणून."

धाकूने काठीवर भार टाकला.

"तुम्हाला रिकामं चालत नाही, शेट. टोकाचं घर चौथ्या दिवशी उतरलं. वाटलं, शंखांचंही तेच होईल. मग खेकडे जातील, पोवळं जाईल आणि माझं घरही. म्हणून भिऊन गप्प बसलो. म्हातारी माझ्या भित्रेपणाने गेली. बिऱ्हाड हलवतो मी. पण यांना भट्टीत टाकू नका. यांनी दुसरं काय करायला हवं होतं?"

शेटने वळून भिंतीकडे पाहिलं. नवा चुना उन्हात पांढराशुभ्र दिसत होता.

"ते शंख मी जाळायला लावले," तो म्हणाला. "मीच."

पाटातून भरतीचं पाणी यायला लागलं होतं. मग धाकूने पंचा सोडला आणि तो मिठाचा शंख काठाजवळ, उथळ वाळूवर ठेवला.

"चाळीस जणांना एक शंख?" शेटने विचारलं.

"बघा तरी."

पहिला खेकडा आला तो सगळ्यांत मोठा. त्याने शंखाभोवती फेरी घातली, नांगीने आत चाचपलं आणि बाजूला थांबला, जणू विश्वास बसत नव्हता. तोवर दुसरा आला, त्याहून थोडा लहान. तो पहिल्याच्या मागे उभा राहिला. मग तिसरा आला, मग चौथा. कुणी कुणाला ढकललं नाही. मोठ्यामागे लहान, लहानामागे त्याहून लहान, अशी सात जणांची ओळ वाळूवर लागली. ओळीत पाचवा होता तो पट्टेरी शंखातला.

मग सगळ्यांत मोठ्याने आपला शंख सोडला. त्याचं उघडं मऊ अंग क्षणभर दिसलं आणि तो मिठाच्या शंखात शिरला. त्याने सोडलेल्या शंखात दुसरा गेला. दुसऱ्याच्या शंखात तिसरा आणि तिसऱ्याच्यात चौथा. चौथ्याचा शंख मोकळा झाला तसा पाचव्याने पट्टेरी शंख सोडला आणि तो पुढे सरकला.

चिमाबाईंच्या म्हातारीचा शंख वाळूवर रिकामा पडला. हातभर अंतरावर. तेच तपकिरी पट्टे, तोच उडालेला टवका. शेटचा हात आपसूक पाण्यात गेला. बायकोची तेवढीच एक वस्तू उरली होती. ती उचलून देवघरात ठेवली असती तर कुणी त्याला नाव ठेवलं नसतं.

"शेट," धाकू हळूच म्हणाला, "मागचा बाहेर आलाय."

शेटने पाहिलं. ओळीतला सहावा आपला शंख सोडून उघडा उभा होता. त्याच्या जुन्या शंखात मागचा सातवा शिरलाही होता. सहाव्याला आता मागे जागा नव्हती. पुढे होता तो फक्त हा पट्टेरी शंख, शेटच्या बोटांखाली. कोपऱ्यातला एक मासा आताच त्या उघड्या जिवाकडे वळला होता.

शेटचा हात पाण्यात थांबला. त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याने पुसलं नाही. मग त्याने हात मागे घेतला.

उघडा खेकडा झटकन पट्टेरी शंखात शिरला आणि स्थिर झाला.

ओळीच्या शेवटी सातव्याचा इवलासा शंख उरला. त्याला घेणारं मागे कुणी नव्हतं. आवडीने सवयीने तो उचलायला हात पुढे केला.

"असू दे," शेट म्हणाला.

तो पुन्हा काठावर बसला. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "धाकू, तुझ्या घरात माणसं किती?"

"नऊ, शेट. आम्ही दोघं, विधवा बहीण, मुलगा, सून आणि चार पोरं."

"दीड खणात?"

"दीड खणात."

"आणि शेजारी?"

"सात. परवा त्यांचं आणि आमचं पडवीवरून भांडण झालं. पोरांना निजायला जागा नव्हती. तुमच्या कानावर येऊ दिलं नाही."

शेटने मान हलवली. बिऱ्हाड हलवायचं तो पुढे बोलला नाही. आळी खलाशांची आहे, हेही त्याने पुन्हा कधी काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी गलबतांच्या शाकारणीतले वासे उतरले आणि वखारीवरची कौलंही. टोकाचं घर पुन्हा उभं राहिलं, आधीपेक्षा एक खण मोठं. धाकूचं नऊ माणसांचं बिऱ्हाड तिथे गेलं. त्याच्या दीड खणात शेजारचं गेलं, त्याहून लहान जागेतून आलेलं. मग त्याच्या पलीकडचं सरकलं, मग त्याच्या पलीकडचं. एका घरामुळे सहा बिऱ्हाडांना ऐसपैस झालं. त्या वर्षी आळीतली भांडणं शेटच्या कानावर आली नाहीत, कारण झालीच नाहीत.

हौदात पोवळं जगलं. तुटल्या फांद्यांपैकी काही वाळूत रुजल्या, काही गेल्या. कपारीत आता लहानमोठे शंख उघड्यावर ठेवलेले असत आणि ते कमी झाले तर शेट स्वतः किनाऱ्यावरून वेचून आणी. म्हातारी मात्र परत आली नाही. शेट सकाळी काठावर बसे तेव्हा पट्टेरी शंख कधी दिसे, कधी नाही. त्याच्याशी तो बोलत नसे. तो कुणाचं घर आहे, हे त्याला आता ठाऊक होतं.

आळीतलं सरकणं संपलं तेव्हा भट्टीजवळचं सगळ्यांत लहान घर मोकळं उरलं. गवंडी शेटकडे आला. शेटचा जुना स्वभाव त्याला माहीत. "शेट, हे एक रिकामं राहिलं. उद्या उतरवून घेऊ?"

"नको," शेट म्हणाला. "असू दे."

"कुणासाठी?"

"अजून ठाऊक नाही."

तात्पर्य: वाढत्या जिवाला पुढे एक रिकामी जागा लागतेच. ती जागा ज्याने मोडली, त्याने मागाहून होणाऱ्या ओढाताणीचा दोष कुणाच्या स्वभावावर टाकू नये. आणि ज्याला हे आधीच ठाऊक होतं, त्याने भीतीपोटी गप्प राहू नये.